शिखरावरचा लाल ठिपका

मी कॅमेरा बोलतोय, पण जरा हळू आवाजात. आत्ता मी ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमधल्या एका दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर पडलोय. माझ्या पट्ट्याला चिठ्ठी बांधली आहे आणि समोर निक नावाचा दुकानदार हातमोजे चढवतोय. चिठ्ठीवर लिहिलंय, आतून पूर्ण साफ करणे.

त्या ‘पूर्ण’ शब्दाने माझा जीव टांगणीला लागलाय. माझ्या लेन्सला बुरशी लागली आहे, ती खुशाल काढा. बटणांच्या खाचांत मळ आहे, तोही काढा. पण माझ्या आत एक वस्तू अशी आहे की ती जाऊ नये, आणि ते सांगायला मला तोंड नाही. म्हणून निकचे हातमोजे चढेपर्यंत तुम्हाला सांगतो.

आधीच कबूल करतो, मी भित्रा आहे. सगळे कॅमेरे भित्रेच असतात. उजेड जास्त झाला की आम्ही घाबरतो, कमी झाला तरी घाबरतो. पाणी, वाळू, लहान मुलांची चिकट बोटं, पट्टा गळ्यात न अडकवता मला हातात घेऊन फिरणारी माणसं, या सगळ्यांची मला धास्ती वाटते.

माझा जन्म थायलंडमधल्या एका कारखान्यात झाला. मला जोडणाऱ्या बायकांनी डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातले होते आणि तोंडं झाकली होती. माणसांचे फक्त डोळे असतात अशीच माझी कितीतरी दिवस समजूत होती. पुढे साथ आली आणि सगळ्या जगानेच तोंडं झाकली, तेव्हा पहिले काही दिवस मला चक्क माहेरी आल्यासारखं वाटलं होतं. मग लोकांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं आणि ते वाटणं पळालं.

पुण्यात मला विकत घेतलं गुरुदत्त मोकाशींनी. भोसरीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये आयुष्य काढून ते नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांची मुलगी रुचा त्यांना बाबा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला, शोभाताईंना, आई. तेच मीही उचललं.

बाबांना दोन वेडं होती. पहिलं दगडांचं. सह्याद्रीतला एकही किल्ला त्यांनी सोडला नव्हता. गडावर बसले की काळ्या कातळावर थाप मारून म्हणायचे, “हा सगळा ज्वालामुखीचा रस बरं का! आपला अख्खा महाराष्ट्र त्याच्यावर उभा आहे. आपण थंड झालेला स्वयंपाक बघतोय. एकदा पेटलेली चूल बघायची आहे मला.”

“घरची पेटवा एकदा,” आई म्हणायच्या.

दुसरं वेड यंत्रांच्या पूजेचं. खंडेनवमी-दसऱ्याला लोक एखादं हत्यार, फार तर गाडी पुजतात. बाबा घरातली यच्चयावत यंत्रं चटईवर मांडायचे. ड्रिल, मिक्सर, शिलाईमशीन, पाण्याचा पंप, स्कूटरची किल्ली. मग पाण्यात कालवलेलं हळदकुंकू अनामिकेने प्रत्येकाला. “वर्षभर राबतात बिचारी,” असं म्हणून फूल वाहायचे. रुचाचा नवरा अपूर्व पहिल्यांदा घरी आला तो नेमका त्याच दिवशी. मिक्सरच्या कपाळावर कुंकू बघून त्याला हसू आवरेना. बाबांनी न रागावता त्याच्या मोबाइललाही लावलं.

डार्विनला येण्याआधीच्या दसऱ्याला बाबांनी माझी जरा जास्तच भक्ती केली. नेहमी मला वरूनच टिळा लागायचा. त्या वर्षी त्यांनी नवी लांब लेन्स घेतली होती, लांबचं जवळ आणणारी. लेन्सची आणि माझी वेगवेगळी पूजा व्हायला हवी म्हणून त्यांनी आम्हाला सुटं केलं आणि माझं तोंड उघडं असताना बोट टेकवलं. काहीतरी ओलं आत पडलं. मला शिंक आली असती, पण कॅमेऱ्याला शिंकता येत नाही. फूल वाहून झालं, लेन्स चढली आणि मी ते विसरून गेलो.

डिसेंबरात आम्ही डार्विनला आलो. रुचा तिथल्या इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरीला होती, अपूर्व गॅस कंपनीत. नाइटक्लिफ या उपनगरात खांबांवर उभं असलेलं त्यांचं घर. वर राहती जागा, खाली गाडी, आणि बाजूला पाहुण्यांची एक खोली. रुचाला एप्रिलमध्ये बाळ होणार होतं. पहिलं बाळंतपण, आणि आईंनी त्यासाठी जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून आणली होती. त्यांच्या बॅगेत दुसरं फारसं काही नव्हतंच.

पण व्हिसाची एक अट होती. व्हिसा वर्षाचा, तरी एका दमात तीन महिनेच राहायचं. मग देशाबाहेर पाऊल टाकून परत यायचं, की पुढचे तीन महिने मिळतात. डार्विनमधले कितीतरी आईबाबा त्यासाठी बालीला जाऊन येतात. भाजी आणायला जावं इतक्या सहज जातात. आमचे तीन महिने मार्चमध्ये भरत होते.

बाबांनी नकाशा पसरला आणि त्यांचे डोळे चमकले. “शोभा, बालीवर आगुंग आहे. जिवंत ज्वालामुखी! परवा-परवापर्यंत राख उडवत होता. आणि इथे बघ, समोर हे गिली एअर. एवढंसं बेट. त्याच्या किनाऱ्यावरून समुद्रापलीकडे अख्खा डोंगर दिसतो म्हणे.”

“दिसू दे. पण शनिवारी परत यायचं. माझी पोरगी अवघडलेली आहे.”

“शनिवारचंच तिकीट काढलंय.”

रुचा पोटावर हात ठेवून दारात उभी होती. लॅबमध्ये त्या नव्या आजाराचे नमुने यायला लागले होते आणि तिचा चेहरा उतरलेला असायचा. “बाबा, सध्या जाणं सेफ आहे का, मला नाही वाटत. पण व्हिसाचं काय करणार? जा, पाय लावा आणि या. फोटोसाठी थांबू नका, प्रॉमिस?”

“प्रॉमिस,” बाबा म्हणाले. मी त्यांच्या गळ्यात होतो. त्यांच्या आवाजात मला काही दम वाटला नाही.

गिली एअरवर मोटारी नाहीत. घुंगरं लावलेल्या घोडागाड्या आणि सायकली. एरवी माणसांनी फुललेलं बेट असणार, पण आम्ही पोचलो तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या आणि उरलेले गोरे पाहुणे सतत फोनवर बोलत होते. पश्चिमेच्या किनाऱ्यावर बाबांनी ट्रायपॉड रोवला, मला त्यावर बसवलं, आणि आम्ही डोंगराची वाट बघायला लागलो.

डोंगर काही दिसेना. समुद्र दिसायचा, त्यावर ढगांची भिंत दिसायची, आणि त्या भिंतीमागे आगुंग आहे असं सगळे सांगायचे. सकाळी ढग, दुपारी ढग, संध्याकाळी ढग. खारट वाऱ्याने माझ्या लेन्सवर चिकट थर चढत होता. बाबा दर थोड्या वेळाने शर्टाच्या टोकाने तो पुसायचे आणि माझ्या अंगावर काटा यायचा. शर्टाच्या टोकाने लेन्स पुसणारा माणूस कितीही सज्जन असो, मला त्याची भीती वाटते.

आई शेजारी वाळूवर बसून दुपट्याची कड शिवायच्या. फोन वाजला की सुई थांबायची. रोज रुचाचा आवाज आदल्या दिवसापेक्षा बारीक झालेला असायचा.

“बाहेरून येणाऱ्या सगळ्यांना दोन आठवडे घरात बंद राहायला लागणार. आजपासून नियम झालाय. आई, लवकर या ना. काय काय बंद होईल सांगता येत नाहीये.”

“शनिवारी येतोच आहोत,” बाबा फोनमध्ये वाकून म्हणाले. “तिकीट आहे ना हातात. एवढं काय घाबरायचं?”

“तुम्ही डोंगरासाठी थांबलाय, बाबा.”

बाबांनी माझा कोन थोडा बदलला. खरं सांगायचं तर कोन आधीच बरोबर होता.

मला त्या क्षणी बाबांचा राग आला होता. इतकी वर्षं त्यांच्यासोबत काढली, पण त्या दिवशी वाटलं, हा माणूस एका चित्रापायी आपल्या लेकीला एकटं पाडणार. आणि त्या पापात मी अर्धा भागीदार, कारण चित्र मीच काढणार होतो.

बुधवारी संध्याकाळी ढग फाटले. अगदी अचानक, कोणी पडदा बाजूला सारावा तसे. समुद्रापलीकडे निळसर त्रिकोण उभा राहिला, इतका उंच की मला मान वर करायला लागली. बाबांचे हात थरथरत होते. सगळं लख्ख यावं म्हणून त्यांनी माझ्या डोळ्याचं छिद्र अगदी बारीक केलं, श्वास धरला आणि बटण दाबलं.

एकच फोटो निघाला. दुसऱ्यासाठी बोट खाली जाईपर्यंत ढग पुन्हा मिटले.

बाबांनी माझ्या पाठीवरच्या पडद्यावर तो फोटो मोठा केला. मीही पाहिला. शिखराच्या टोकावर लाल ठिपका होता. कडा पुसट, मध्ये गडद, निखाऱ्यासारखा.

“शोभा!” बाबा ओरडले. “पेटलाय! अगं, पेटलेली चूल! हे बघ, वर लाल दिसतंय!”

आईंनी चष्मा पुसून पाहिलं. मी कधी खोटं दाखवत नाही, निदान तोवर तरी माझी तशी समजूत होती. ठिपका होता, म्हणजे डोंगराच्या तोंडात आग होती.

“पेटला तर विमानांचं काय होतं?” आईंनी विचारलं.

बाबांचा चेहरा बदलला. ज्वालामुखीबद्दल त्यांना सगळं पाठ होतं आणि बायकोशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. “राख उडाली तर… विमानतळ बंद ठेवतात. मागे ठेवला होता काही दिवस.”

आम्ही उतरलो होतो त्या खोलीची मालकीण चहा घेऊन आली होती. तिने पडदा पाहिला, वर ढगांकडे पाहिलं आणि हसून मोडक्या इंग्रजीत सांगितलं की आगुंग झोपलेला आहे, तुम्ही काळजी करू नका.

“झोपलेल्याबद्दल सगळे असंच सांगतात,” आई म्हणाल्या. त्यांनी दुपट्यात सुई टोचली, घडी घातली आणि उभ्या राहिल्या.

“शोभा, उद्या पहाटे ढग नसतील. एकदा नीट बघू आणि मग—”

“मी उद्या पहिल्या बोटीने निघते.” एवढ्या वर्षांत आईंचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. “तुम्हाला यायचं तर या, नाहीतर बसा त्या डोंगराशी संसार करत. माझी लेक तिकडे दिवस मोजतेय. मला तिच्याजवळ जायचंय. मला दुसरं काहीही बघायचं नाही.”

बाबांनी एकदा ढगांकडे पाहिलं. मग त्यांनी ट्रायपॉडचे पाय मिटले. मला पिशवीत ठेवताना त्यांनी लेन्सचं झाकण लावायला विसरू नये म्हणून मी देवाचा धावा करत होतो. त्यांनी लावलं. त्या माणसाने तेवढ्या दुःखातही झाकण लावलं, म्हणून माझा सगळा राग तिथेच गेला.

गुरुवारी बोट, मग मोटार, मग विमानतळ. शनिवारचं तिकीट बदलून शुक्रवार सकाळचं मिळालं. आई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. बाबा मला मांडीवर घेऊन खिडकीतून डोंगर दिसतोय का ते बघत होते. तेवढ्यात समोरच्या टीव्हीभोवती गर्दी झाली.

ऑस्ट्रेलिया आपली सीमा बंद करत होता. शुक्रवार रात्रीपासून फक्त नागरिक आणि कायमचे रहिवासी आत येऊ शकणार होते. बाकी कोणी नाही. कोणाचेही आईबाबा नाहीत.

बाबांनी टीव्हीवरची ती बातमीची पट्टी पुन्हा पुन्हा वाचली. त्यांचा हात माझ्यावर इतका घट्ट दाबला गेला की माझं एक बटण आत गेलं. “शोभा,” ते म्हणाले, “आपण शनिवारी आलो असतो तर…”

“तर नाही आलो ना? झालं मग. आधी पोचू दे,” आई म्हणाल्या, पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

ती रात्र आणि ती सकाळ कशी गेली ते मला विचारू नका. विमान उडेल का, उडालं तरी आत घेतील का, कोणाला ताप तर नाही ना. आई रांगेत उभ्या राहून सारखं स्वतःचं कपाळ चाचपत होत्या. डार्विनच्या काउंटरवर मास्क लावलेली अधिकारी बाई बाबांचा पासपोर्ट किती वेळ चाळत होती! तिने विचारलं, कशासाठी येताय? बाबांना इंग्रजी उत्तम येतं, पण त्या वेळी एवढंच सुचलं, “माय डॉटर. फर्स्ट बेबी.” बाईने मान वर केली, आईंच्या हातातल्या पिशवीतून बाहेर डोकावणाऱ्या दुपट्याकडे पाहिलं, घरात बंद राहण्याचे नियम दोनदा समजावले आणि पासपोर्ट परत दिले.

बाहेरचा तो डार्विनचा दमट, गरम वारा. एरवी मला त्याची किळस येते. त्या दिवशी मी तो पोटभर घेतला.

घरी पोचलो, पण वर जाता येईना. दोन आठवडे खालच्या पाहुण्यांच्या खोलीत. जेवणाचा डबा अपूर्व पायरीवर ठेवायचा आणि लांब उभा राहायचा. रुचा वरून, गॅलरीच्या कठड्याला धरून बोलायची. मायलेकींमध्ये फक्त एक जिना होता आणि तो चढायला बंदी होती.

कोंडलेल्या बाबांनी वेळ घालवायला मला बाहेर काढलं. खिडकीच्या काचपट्ट्यांतून त्यांनी आभाळाचा फोटो घेतला. छिद्र तसंच बारीक होतं. आभाळात लाल ठिपका. भिंतीचा घेतला. भिंतीवर लाल ठिपका. बंद पंख्याचा घेतला, तिथेही तो, नेमक्या त्याच जागी, चौकटीच्या वरच्या भागात, मध्यापासून थोडासा उजवीकडे.

बाबांनी मला मांडीवर घेतलं. मग त्यांनी लेन्स काढली आणि उजेडात तिरकं धरून माझ्या आत पाहिलं.

“शोभा,” ते अगदी हळू म्हणाले, “डोंगर आपल्या मागे मागे घरी आलाय.”

“म्हणजे?”

“कुंकू आहे. दसऱ्याचं. आतल्या काचेवर डाग पडलाय. छिद्र बारीक केलं की दिसतो. आगुंग पेटला नव्हता, गं.”

आई आधी हसल्या. तोंडावर पदर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम थांबल्या आणि खाली बसल्या. दोघांच्या मनात एकच गोष्ट आली होती, आणि माझ्याही. तो ठिपका नसता तर आम्ही शनिवारपर्यंत त्या वाळूवर बसलो असतो.

मला लाज वाटली आणि अभिमानही वाटला. आयुष्यात पहिल्यांदाच मी जे नव्हतं ते दाखवलं होतं.

बंदी संपायला थोडे दिवस उरले असताना एके सकाळी वर पावलांची धावपळ झाली. अपूर्वने गाडी काढली. रुचा वाकून, कमरेवर हात ठेवून जिना उतरली आणि आमच्या दारासमोर क्षणभर थांबली. आईंचा हात कडीवर गेला होता.

“आई, नको उघडू,” रुचा म्हणाली. “मी ठीक आहे. वेळेच्या आधी आहे, पण डॉक्टर म्हणाल्या चालेल.”

गाडी गेली. आई दिवसभर त्या काचपट्ट्यांपाशी उभ्या होत्या. इथवर धावत आल्या आणि शेवटच्या दारात अडकल्या. मी टेबलावरून त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि बाबांनी घे म्हटलं नाही.

मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप, असा फोन आला तेव्हा बाबा रडले. आईंनी दुपट्यांची चळत काढून पुन्हा घड्या घातल्या आणि ती अपूर्वला न्यायला पायरीवर ठेवली.

बाळ घरी आलं तेव्हाही आमची बंदी संपलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत, रुचा बाळाला घेऊन गॅलरीत आली. आई-बाबा खाली अंगणात, चाफ्याच्या झाडाखाली, दूर उभे राहिले. बाळ साडीच्या दुपट्यात होतं, त्याच कडेच्या, जी आईंनी बेटावर शिवली होती.

“मधुवंती ठेवायचं म्हणतोय,” रुचा वरून म्हणाली. “आवडलं?”

आई एवढंच म्हणाल्या, “अगं, तिला उघड्यावर आणलंस, तीट तरी लावलीस का? दृष्ट लागेल माझ्या सोन्याला.”

“आई, आमच्याकडे काजळ कुठलं? आणि सगळी दुकानं बंद आहेत.”

“माझ्या पिशवीत आहे. पण मी… मला हात कुठे लावता येतोय?” आणि आई ओक्साबोक्शी रडायला लागल्या. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं तिथे, चाफ्याखाली बाहेर पडलं.

बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नाही. ते वळले, खोलीत गेले आणि मला घेऊन आले. लांब लेन्स चढवलेली होती.

“रुचा, तिला असंच धर. तोंड माझ्याकडे. हलू नकोस.”

“बाबा, फोटो आत्ता?”

“धर म्हणतो ना.”

त्यांनी माझं छिद्र अगदी बारीक केलं, आगुंगसमोर केलं होतं तेवढं. मग चौकट हळूहळू खाली घेतली, थोडी डावीकडे, आणखी थोडी. ते काय करतायत ते मला कळलं आणि माझी घाबरगुंडी उडाली. छिद्र बारीक म्हणजे वेळ जास्त. हात हलला की चित्र गेलं. बाळ हललं तरी गेलं. बाबांचे हात तर बेटावरही थरथरले होते. मी मनात म्हणत होतो, बाबा, कोपरं पोटाशी धरा, झाडाला टेका, श्वास रोखा, बाबा, आता नका थरथरू. ते चाफ्याला टेकले. त्यांनी श्वास रोखला.

मी डोळा मिटला आणि उघडला.

पडद्यावर मधुवंती होती. चिमुकली, सुरकुतलेली, जांभई द्यायच्या बेतात. आणि तिच्या कपाळावर, भुवयांच्या किंचित वर, लाल ठिपका.

बाबांनी मला आईंच्या हातात दिलं. “काळी नाहीये, लाल आहे,” ते म्हणाले, “पण लागली.”

आईंनी माझा पडदा कपाळाला टेकवला. त्यांचं पाणी माझ्या बटणांत गेलं. पाण्याला मी फार भितो, पण त्या दिवशी चकार शब्द काढला नाही.

पुढे बंदी उठली. आई जिना चढून गेल्या, बाळाला न्हाऊमाखू घातलं, रुचाला डिंकाचे लाडू करून घातले. मग कधीतरी सरकारने सोडलेल्या विमानात जागा मिळाली आणि ते पुण्याला परतले. जाताना बाबांनी मला रुचाकडे ठेवलं. “मधूचे फोटो काढ. माझ्या डोळ्यांनी बघितल्यासारखं होईल.”

रुचाने काढलेही, सुरुवातीला. पण नोकरी, बाळ, लॅबमधल्या शिफ्टा. फोन हाताशी असतो, मी कपाटात. डार्विनच्या पावसाळ्यात कपाटं घामेजतात. माझ्या लेन्सच्या कडेला पांढरे धागे फुटायला लागले. अंधारात बुरशी वाढताना आवाज होत नाही, पण मला तो ऐकू यायचा.

पुण्यात दुसरी लाट आली तेव्हा मी कपाटातच होतो. पलीकडून रुचाचा फोनवरचा आवाज यायचा. बाबांना दाखल केलंय. ऑक्सिजन लावलाय. नाही, मला जाता येणार नाही, गेले तर परत येता येणार नाही, मधूचं काय करू? एकदा तिने कपाट उघडलं, मला काढलं आणि मांडीवर घेऊन बसून राहिली. तिने मला चालूसुद्धा केलं नाही. माझ्या ज्या बटणावर बाबांच्या अंगठ्याने खळगा पडलाय, तिथे तिचा अंगठा होता.

बाबा वाचले. पण बरं व्हायला फार वेळ लागला, आणि तेवढे सगळे दिवस मधू फोनच्या काचेवर आजोबांना बोटाने कुरवाळत राहिली.

या वर्षी सीमा उघडली. काल दुपारी आई-बाबा आले. अपूर्वने मला कपाटातून काढलं, बुरशी बघून स्वतःच्याच डोक्यावर चापट मारली आणि आज सकाळी, बाबांना आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून, इथे आणलं. त्यानेच चिठ्ठी लिहिली. त्याच्या मनात काही वाईट नाही. तो फक्त विसरला.

निकने लेन्स तर साफ केलीच. आता त्याने मला पांढऱ्या कागदासमोर धरून छिद्र बारीक केलं, बटण दाबलं आणि तो कपाळाला आठी घालून पडद्याकडे बघतोय.

“मेट, इथे सेन्सरवर काहीतरी रेड आहे. धूळ नाहीये. पुसून टाकू?”

अपूर्व पडद्याकडे बघतो. त्याचा चेहरा एकदम उतरतो. “हँग ऑन,” तो म्हणतो आणि फोन लावतो. “रुचा, मी बाबांचा कॅमेरा क्लीन करायला आणलाय. तो लाल डाग आहे ना…”

“नको! अपूर्व, हात लावू देऊ नकोस त्याला!” फोनमधून रुचाचा आवाज आख्ख्या दुकानात घुमतो. मला हायसं वाटतं. वाचलो, असं मी म्हणणार इतक्यात फोनमध्येच तिच्यामागून बाबांचा आवाज येतो. थोडा बसलेला, धाप लागलेला, पण बाबांचाच.

“अगं, काय झालं? दे इकडे. अपूर्व, काढायला सांग तो डाग.”

“पण बाबा, तो तुमचा…”

“माझाच आहे, म्हणून तर म्हणतोय. मी आलोय ना आता? दसऱ्याला पुन्हा लावीन. या वेळी वरून लावीन, बास?”

त्यांच्यामागे एक लहान पोर खिदळतंय आणि आई कोणाला तरी दटावतायत, “हलू नकोस गं मधू, काजळ डोळ्यात जाईल! हं, आता बघू. लागली तीट.”

मी ऐकतो. कपाळाला टेकलेलं बोट ऐकू येत नाही, पण ते टेकलंय हे मला कळतं. इतके दिवस मी जे काम सांभाळून बसलो होतो, त्याला आता खरा हात मिळालाय.

निक ओला बोळा घेऊन वाकतो. एरवी मी घाबरून गार झालो असतो. बाबांच्या बोटाच्या चिमूटभर कुंकवा, चल, ये आता. तू नसतंस तर आम्ही सगळे त्या वाळूवरच राहिलो असतो. आणि निक, तुला एकच विनंती आहे. पुसून झालं की मला लवकर बंद कर आणि घरी पाठव. आज त्या पोरीचा फोटो काढायचा आहे, आजीच्या मांडीवरचा, जवळून.